माझं सिबिल वजा एक, यांचं ७८१. बाईमाणूस म्हणून की आणखी कशामुळे?

शिलाईवाली | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज लिहिते. रागात लिहितेय, कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरच्या नीलमनगरात राहते. अकरा वर्षं झाली, घरीच शाळेचे गणवेश शिवते. एका मशीनवर सुरुवात केली, आता पाच मशीन आहेत आणि चार बायका नगावर काम करतात. फेब्रुवारी ते जून आमचा सीझन, तेव्हा घरात स्वयंपाकसुद्धा उभ्या-उभ्या होतो. यंदा ऑर्डर मोठी आहे. एक ओव्हरलॉक, एक काज-बटणाचं मशीन घ्यायचं आणि कापड उधारीवर न उचलता रोखीनं घ्यायचं, म्हणून साडेचार लाखांसाठी बँकेत गेले. (बँकेचं नाव लिहीत नाही.)

लघुउद्योग नोंदणीचा उद्यमचा कागद होता, जीएसटी होतं, तीन वर्षांचं स्टेटमेंट होतं. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं सिबिलच नाही. वजा एक येतंय. मिस्टरांना घेऊन या, त्यांच्या नावावर बघू."

आता गंमत ऐका. २०१५, २०१८ आणि २०२१, अशी तीन कर्जं आमच्या घरात झाली. तिन्ही मशीनसाठी, तिन्ही यांच्या नावावर, कारण घर यांचं, लाइटबिल यांचं. हे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, माणूस चांगला आहे, पण सुईत दोरा ओवता येत नाही. हप्ते माझ्या शिलाईतून गेले. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे यांच्या हातात द्यायचे आणि वहीत लिहायचं, असा माझा नेम. दोनशे पानी वही आहे, निळ्या शाईत तारीख, रक्कम आणि पुढं यांची सही. ती वही मी साहेबांपुढं ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली आणि हसून परत दिली. "हे चालत नसतं मॅडम."

यांचं सिबिल ७८१ आहे. कमावलं मी, दिसतंय त्यांचं.

प्रश्न सरळ आहे. सिबिल बाई-पुरुष बघतं का? आणि मोबाइलवर रिपोर्ट काढला तर त्यात 'लिंग: स्त्री' असं लिहिलेलं होतं, ते कशाला?

सातरस्ता_७७ | सोमवार, रात्री १०.४०

ताई, राग मानू नका, पण उलटंच आहे. बायकांना होमलोनला बऱ्याच बँका ०.०५ टक्के व्याज कमी लावतात. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट. पुरुषांना काय? आमच्या नशिबी नुसते हप्ते. तुमचं सिबिल नाही कारण तुम्ही कर्ज घेतलं नाही. इतकं साधं आहे.

कडकभाकरी | सोमवार, रात्री ११.०५

@सातरस्ता_७७, सूट मिळायला आधी घर घ्यायची ऐपत पाहिजे की बे. आणि तू तुझा जुळे सोलापूरचा फ्लॅट वहिनींच्या नावावर घेतलास तो त्या १ टक्क्यासाठीच ना? त्यांना कधी विचारलंस का, किती हप्ते राहिलेत ते?

सातरस्ता_७७ | सोमवार, रात्री ११.०९

तो विषय वेगळा आहे.

काउंटर_नंबर_तीन | मंगळवार, सकाळी ६.२०

शिलाईवाली ताई, मी चौतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची बारा कर्ज विभागात. जे ठाऊक आहे ते सांगतो.

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव आहे, २००० साली सुरू झाली. आपल्याकडे अशा चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात. पण झेरॉक्स म्हणजे जशी फोटोकॉपी, तसं सगळ्याच आकड्यांना आपण सिबिल म्हणतो. आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाची मर्यादा किती वापरली, तारणी आणि बिनतारणी कर्जं किती, गेल्या काही महिन्यांत किती ठिकाणी अर्ज टाकले, यावर तो निघतो. रिपोर्टात नाव, जन्मतारीख, लिंग, पॅन, पत्ता असतं, ते माणूस ओळखण्यापुरतं. एकाच नावाची दहा माणसं सोलापुरात निघतील. त्या रकान्यावरून मार्क मिळत नाहीत आणि कापलेही जात नाहीत. जात आणि धर्म हे रकाने तर रिपोर्टात नाहीतच. बँकेतली शिल्लकही नसते.

वजा एक म्हणजे वाईट नव्हे. तुमच्या नावाचं पान कोरं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्या वहीबद्दल. आकड्याला फक्त कर्जाच्या कागदावरचं नाव कळतं, हप्ता कोणाच्या कष्टाचा ते कळत नाही. २०१५ च्या कर्जात तुम्ही नुसत्या सहकर्जदार असता तरी तोच इतिहास तुमच्याही रिपोर्टात उतरला असता. शाखेत तेव्हा कोणीतरी हे सांगायला हवं होतं. सांगितलं नसणार.

फाईलवाला | मंगळवार, सकाळी ९.३५

मी लोन एजंट आहे, डीएसए म्हणतात ते. काकांचं बरोबर, पण काका आकड्यापर्यंतच थांबले. आकडा फाईल आत न्यायला लागतो, निर्णय त्यानंतर होतो. एफआय होते, म्हणजे माणूस घरी आणि दुकानात येऊन बघून जातो. त्याच्या फॉर्ममध्ये शेवटी 'शेरा' असतो. त्या शेऱ्यात काय जातं ते तुम्हाला कधीच दिसत नाही. "अर्जदार गृहिणी, व्यवसाय पती पाहतात" असा शेरा मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय, आणि त्या बाईच्या दुकानात मी स्वतः तिच्या हातचा चहा प्यायलो होतो. नवरा तेव्हा पुण्याला नोकरीला.

चादरवाला | मंगळवार, दुपारी १.५०

शेऱ्याचं निघालंच आहे तर माझं ऐका.

माझं सिबिल ७६८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये सहा लूम आहेत. घर गावात, जुन्या पेठेत. कोणती ते लिहीत नाही, सोलापूरकर ओळखतीलच. आमच्या समाजाची वस्ती आहे. दोन वर्षांपूर्वी छोटा टेम्पो घ्यायचा होता. एका फायनान्स कंपनीत घरच्या पत्त्यावर फाईल लावली, तिसऱ्या दिवशी नामंजूर. कारण विचारलं तर "सिस्टीमनं काढली". सहा महिन्यांनी एमआयडीसीतला पत्ता देऊन तिथंच पुन्हा लावली. तोच मी, तेच सिबिल, तोच टेम्पो. चार दिवसांत पैसे जमा.

आता मी काय समजायचं? कोणी मला तोंडावर काही म्हणालं नाही. उलट दोन्ही वेळा चहा पाजला.

फाईलवाला | मंगळवार, दुपारी २.२०

भाऊ, याला आमच्यात 'निगेटिव्ह एरिया' म्हणतात. कागदावर कारण असं असतं की त्या भागात हप्ते थकलेत, वसुलीला गेलेल्या पोरांना गल्लीत येऊ दिलं नाही, गाडी ओढता येत नाही. वकील आणि पोलिसांच्या वसाहतीसुद्धा काही जणांच्या यादीत असतात, हसू नका. पण एक खरं सांगतो. पेठ कोणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. यादीत जातीचं नाव नसतं, पिनकोड असतो. गावात पिनकोड वाचता येणाऱ्याला पुढचं वाचता येतं.

जर्सीतला_सोलापुरी | मंगळवार, रात्री ८.१५ (तुमच्याकडे बुधवार पहाट)

मी मूळचा भवानी पेठेतला, सध्या न्यू जर्सीत. इथं हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.

निगेटिव्ह एरियाला इथं 'रेडलायनिंग' म्हणतात. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे केले, त्यात 'धोक्याचे' भाग लाल रंगात. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लालच. १९६८ च्या कायद्यानं घरांच्या बाबतीतला भेद बंद केला. १९७४ मध्ये कर्ज देताना स्त्री-पुरुष आणि विवाहित-अविवाहित असा भेद करायला बंदी आली, १९७६ मध्ये त्यात वंश, रंग, धर्म वगैरे घातले. त्याआधी नोकरी करणाऱ्या बाईकडेसुद्धा नवऱ्याची सही मागायचे. शिलाईवाली ताईंच्या साहेबांसारखंच.

ताईंच्या वहीच्या जवळ जाणारा एक नियम इथं आहे. नवरा-बायको दोघंही खातं वापरत असतील किंवा दोघांवरही जबाबदारी असेल, तर बँकेनं ब्यूरोला, म्हणजे सिबिलसारख्या कंपनीला, माहिती पाठवताना दोघांचाही सहभाग दाखवायचा. १९७७ पासूनच्या खात्यांना लागू आहे.

तरी सगळं सुटलं असं नाही. २०१९ ला अ‍ॅपल कार्डाचं प्रकरण गाजलं. एका उद्योजकानं जाहीर लिहिलं की आम्ही टॅक्स एकत्र भरतो, तरी मला बायकोच्या वीसपट मर्यादा मिळाली. अ‍ॅपलच्या संस्थापकांपैकी स्टीव्ह वॉझ्नियाकनंही आपला अनुभव तसाच असल्याचं सांगितलं. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय खात्यानं चौकशी केली आणि मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला: बेकायदा भेदभावाचा पुरावा नाही. कारणांत हेही होतं की नवऱ्याच्या खात्यावरचं जादा कार्ड वापरणं वेगळं आणि स्वतःच्या नावावर खातं असणं वेगळं. पैसा घरात एकच असला तरी इतिहास ज्याचा त्याचा.

म्हणजे आकडा प्रामाणिक आणि बाई तरीही मागं. दोन्ही एकाच वेळी खरं.

सातरस्ता_७७ | बुधवार, सकाळी ८.०२

मग अमेरिकेतही हेच सिद्ध झालं ना, की स्कोअर भेदभाव करत नाही? मी पहिल्यापासून हेच सांगायलोय.

जर्सीतला_सोलापुरी | बुधवार, सकाळी ८.३० (तुमच्या वेळेनं)

अर्धं बरोबर. इथल्या फेडरल रिझर्व्हनं २००७ मध्ये संसदेला अहवाल दिला. स्कोअरमधले घटक वंशाचा मुखवटा म्हणून काम करत नाहीत, असं त्यात म्हटलंय. पण त्याच अहवालात हेही आहे की कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांचे स्कोअर सरासरीनं गोऱ्यांपेक्षा कमी आहेत. तराजू सरळ आहे राव, पण पारड्यात टाकायला काय मिळालं ते तराजू विचारत नाही. आणि स्कोअरनंतर माणूस बसलेला असतो, त्याचं वेगळं. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं १९९२ मध्ये गृहकर्जाचे अर्ज तपासले. उत्पन्न, बोजा, आधीची परतफेड सारखी धरली तरी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिकांना नकार जास्त. त्यावर बरेच वाद झाले, तरी हा अभ्यास अजून दाखल्याला काढतात.

एमए_अर्थशास्त्र | बुधवार, सकाळी १०.४४

भारतातलाही एक दाखला आहे. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये २०१७ ला छापलेला अभ्यास, आपल्याकडच्याच एका बँकेच्या नोंदींवर. साहेबांच्या बदल्या होतात, त्याचा उपयोग करून त्यांनी बघितलं की साहेब आणि कर्जदार एकाच धर्माचे किंवा एकाच जातगटाचे असले की काय होतं. कर्ज जास्त मिळतं. पण गंमत पुढं आहे: ते फिटतंही जास्त चांगलं. म्हणजे नुसती वशिलेबाजी म्हणावी असं नाही. आपल्यातल्या माणसाची खरी माहिती साहेबाला असते, कोण बुडवणारा आणि कोण बुडणारा ते कळतं. ज्याच्या समाजाचा साहेब त्या शाखेत कधी आलाच नाही, त्यानं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

काउंटर_नंबर_तीन | बुधवार, दुपारी ४.१०

वाचलं. रात्रभर डोक्यात होतं, म्हणून लिहितो.

माझ्या टेबलासमोर बाई बसली की माझा दुसरा प्रश्न ठरलेला: "मिस्टर काय करतात?" बारा वर्षांत किती बायकांना विचारलं असेल, मोजदाद नाही. एकाही पुरुषाला मी "मिसेस काय करतात?" असं विचारलेलं आठवत नाही. मला तेव्हा तो प्रश्न आपुलकीचा वाटायचा.

आता नियमाचं. रिझर्व्ह बँकेच्या बँकांसाठीच्या २००३ च्या फेअर प्रॅक्टिस कोडमध्ये स्पष्ट आहे की कर्ज देताना लिंग, जात, धर्म यावरून भेद करायचा नाही. (दुर्बल घटकांसाठीच्या योजना त्याच्या आड येत नाहीत. सातरस्ता, तुमच्या तक्रारीचं उत्तर तिथंच आहे.) चादरवाला भाऊ, तुमची अडचण अशी की त्या तीन शब्दांत 'पिनकोड' नाही. पण अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी द्यायचं, हेही त्यातच आहे. आधी २ लाखांपर्यंतच्या कर्जाला होतं, २००७ पासून सगळ्याच. "सिस्टीमनं काढली" हे कारण नव्हे. तुमची फायनान्स कंपनी होती, बँक नव्हे, तरी मागून बघायला हवं होतं.

ताई, तुम्हीही मागा. तोंडी सांगितलेलं पुढं कुठंच दाखवता येत नाही.

विडीघरकुल | बुधवार, रात्री ९.२७

तुम्ही सगळे सिबिल नसलेल्या बायकांचं बोलायलाव. आमच्याकडे या, प्रत्येकीला सिबिल आहे!

मी कुंभारीच्या गोदूताई विडी घरकुलात राहते. माझी मावशी तिशीपासून विड्या वळते. हजार विड्यांवर मजुरी. दर आठवड्याला वसुलीवाला पोरगा येतो, दहा जणी ओट्यावर बसतात, एकीचे कमी पडले तर बाकीच्यांनी भरायचे. मायक्रोफायनान्सवाले कर्ज बायकांनाच देतात, कारण बाई पळून जात नाही, लाजेला भिते. मावशीच्या नावावर तीन कंपन्यांचे मिळून १ लाख ४० हजार होते. त्यातले ९० हजार मामांच्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या, रिक्षात गेले. रिक्षा मामांच्या नावावर, कर्ज मावशीच्या. पुढं मामांनी रिक्षा विकली आणि मावशीचे हप्ते थकले. आता तिचं सिबिल ५४० च्या आसपास. तिनं त्या रिक्षात बसून एकदा मार्केट यार्डापर्यंत प्रवास केला असेल.

२०२२ पासून नियम आहे की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत. पण उत्पन्न किती लिहायचं ते वसुलीवाला पोरगाच सांगतो.

शिलाईवाली ताईंचं पुण्य नवऱ्याच्या नावावर गेलं, माझ्या मावशीच्या नावावर नवऱ्याचं पाप आलं. आकडा दोन्हीकडे 'स्त्री' हा रकाना न बघताच निघाला.

शिलाईवाली | बुधवार, रात्री १०.५१

विडीघरकुल, तुझी पोस्ट यांना वाचून दाखवली. हे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, उद्या मी पण येतो बँकेत, पण बोलायचं तू.

आणि बचत गटात मी नऊ वर्षं आहे, दोनदा पैसे उचलून फेडलेत. त्याचं काहीच धरत नाहीत का?

काउंटर_नंबर_तीन | गुरुवार, सकाळी ६.०५

गटानं आतल्या आत दिलेलं कर्ज गटाच्या रजिस्टरात राहतं. पतसंस्थेत फेडलेलंही बहुधा ब्यूरोपर्यंत जात नाही. भिशीचं तर सोडाच. अर्धं सोलापूर ज्यावर चालतं, ते आकड्याला दिसत नाही. तरी गटाच्या ठरावाची नक्कल फाईलला जोडा, निर्णय घेणारा माणूस असेल तर बघतो.

महत्त्वाचं: रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही सरकारनं हेच उत्तर दिलं. शिवाय लघुउद्योगाला किमान १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, हे २०१० पासून आहे. पण तारण नको म्हणजे सहकर्जदार नको असं होत नाही, त्या फटीतून 'मिस्टर' आत येतात. आले तर येऊ द्या. मुख्य अर्जदार तुम्ही आणि ते दुसऱ्या क्रमांकावर, एवढा क्रम सोडू नका.

फाईलवाला | गुरुवार, सकाळी ९.१०

आणि ताई, रागाच्या भरात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक बँक सिबिल काढते, त्याची नोंद पडते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला तर काही पडत नाही, वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीला तो पूर्ण फुकट द्यावाच लागतो. विडीघरकुलच्या मावशींचाही काढा. फिटलेलं कर्ज चालू दाखवत असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती नाही झाली तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

शिलाईवाली | चोवीस दिवसांनी, रविवार, दुपारी ३.३३

मंडळी, उशीर झाला, सीझन चालू आहे.

लेखी कारण मागितलं. पहिल्यांदा "तशी पद्धत नाही" म्हणाले. मी म्हटलं मग "देत नाही" असं लिहून द्या. चौथ्या दिवशी पत्र आलं, तीन ओळी. "अर्जदाराचा पतविषयक इतिहास उपलब्ध नसल्याने." बाकी काही नाही. काकांनी सांगितलं होतं अगदी तेच. ते पत्र जोडून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं आणि शेवटी टाकलं की ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. नवव्या दिवशी त्याच शाखेतून फोन. आवाज तोच, सूर वेगळा.

सरकारच्या मुद्रा योजनेच्या किशोर गटात चार लाख झाले. साडेचार मागितले होते, पन्नास हजार का कापले ते विचारलं नाही, दमले होते. हे सहकर्जदार आहेतच, ते काही टळलं नाही. पण फॉर्मवर पहिल्या चौकटीत माझा फोटो आहे. सही करताना क्लार्कनं सवयीनं कागद यांच्यापुढं सरकवला. यांनी तो माझ्याकडे सरकवला.

विडीघरकुल, मावशींच्या रिपोर्टाचं काय झालं?

विडीघरकुल | रविवार, सायंकाळी ६.४०

काढला. तीनपैकी एक कर्ज फिटून दीड वर्ष झालंय, तरी त्यात चालू दाखवतंय. तक्रार टाकली. बाकी दोन खरीच थकलीत, त्याला काय करणार. मावशी विचारायली, मामांचं सिबिल किती? काढून बघितलं. वजा एक!

चादरवाला | रविवार, रात्री ९.०५

मी पण त्या जुन्या नकाराचं लेखी कारण मागितलंय. दोन वर्षांनी विचारतोय म्हणून तिकडची पोरगी हसली. अजून उत्तर नाही.

सातरस्ता_७७ | रविवार, रात्री ९.४८

ताई, अभिनंदन. आमच्या सोसायटीच्या शाळेला जूनसाठी २२० गणवेश लागतात. दर काय लावता? आणि हो, हप्ते १३१ राहिलेत. हिला माहीत होतं, मला नव्हतं.